चौकीचं कुलूप काढा: पोलीस आयुक्त आणि महापालिका आयुक्त यांना खुलं पत्र

मा. पोलीस आयुक्त साहेब आणि मा. महापालिका आयुक्त साहेब,

सविनय नमस्कार.

मी बस स्टॉपसमोरच्या गल्लीत एकोणीस वर्षं झेरॉक्सचं दुकान चालवते. शहराचं आणि गल्लीचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाहीये. तुमच्या दोघांच्या ऑफिसात मिळून माझे सहा अर्ज पडलेत, त्यावर पूर्ण पत्ता आहे. आणि हे पत्र दुसऱ्या शहरातल्या कुणी वाचलं तर त्याला त्याची स्वतःची गल्ली आठवेल.

मागच्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या म्हणून लिहायला बसले. मंगळवारी आमच्या कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीच्या दारावर कागद चिकटवला, की ही चौकी आता कायमची बंद, तक्रार असेल तर मेन पोलीस स्टेशनला जावं. ते स्टेशन आमच्यापासून साडेचार किलोमीटर, दोन रिक्षा बदलून. चौकी तशी दीड वर्षापासून कुलूपातच होती, आधी गणपतीचा बंदोबस्त म्हणून, मग निवडणूक म्हणून, मग माणसंच नाहीत म्हणून, पण कुलूप आहे म्हणजे कधीतरी उघडेल असं वाटायचं. आणि शुक्रवारी दुपारी त्याच चौकीसमोरून चार पोरांची धिंड काढली. हात बांधलेले, एक लंगडत होता, पुढे मागे पोलीस, बाजूला मोबाईल धरून शूटिंग करणारे पन्नास लोक. दुसऱ्या दिवशी सगळीकडे व्हिडिओ, की दहशत मोडून काढली.

चौकी बंद करायची आणि धिंड काढायची, एकाच आठवड्यात. हे मला गप्प बसून मान्य करता येत नाहीये.

आधी काय काय झालं ते क्रमाने सांगते, कारण क्रमच महत्त्वाचा आहे. मागच्या जूनमध्ये माझ्या दुकानापासून तिसऱ्या खांबावरचा दिवा गेला. मी महापालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली, चार दिवसांनी मेसेज आला "तक्रारीचे निराकरण झाले आहे", दिवा बंदच. परत टाकली, परत तेच. मग त्या अंधारात कुणीतरी एक मोडकी रिक्षा आणून लावली, नंबर प्लेट काढलेली. मग तिच्या बाजूला बांधकामाचा राडारोडा पडायला लागला. मग चौकीच्या पायरीवर, म्हणजे कुलूप लावलेल्या पोलीस चौकीच्या पायरीवर, संध्याकाळी पोरं बसायला लागली. आधी नुसता मावा खाऊन थुंकायची, मग बाटल्या आल्या. वडापावच्या गाडीवर फुकट खाणं सुरू झालं, तो गाडीवाला बिचारा हसून द्यायचा. सातनंतर क्लासच्या मुली माझ्या बाजूने यायच्या बंद झाल्या, पलीकडच्या मेन रोडवरून वळसा घालून जायला लागल्या, हे मला गल्ल्यावरून कळलं, संध्याकाळच्या प्रोजेक्टच्या प्रिंट कमी झाल्या. दिवाळीनंतर शेजारच्या काकूंचं मंगळसूत्र गेलं, त्याच तिसऱ्या खांबाखाली. त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, अजून वॉकर घेऊन चालतात. आणि फेब्रुवारीत एका रात्री कोयते घेऊन आलेल्या पोरांनी चौदा गाड्यांच्या काचा फोडल्या. त्यात माझ्या नवऱ्याची व्हॅन होती, ज्यात तो शाळेची मुलं सोडतो. अकरा हजार खर्च आला आणि चार दिवस धंदा बंद.

एका बंद दिव्यापासून चौदा गाड्यांपर्यंत यायला नऊ महिने लागले. प्रत्येक महिन्यात कुणीतरी थांबवू शकलं असतं, आणि ज्यांनी थांबवायचं ते तुम्ही दोघं आहात.

माझी मुलगी समाजशास्त्रात एमए करते. तिच्या नोट्सची झेरॉक्स मीच मारते आणि मशीन चालू असताना वाचत बसते. त्यात गुन्हेगारीवर एक विचार होता, त्याला उजवा वास्तववाद म्हणतात. नाव राजकीय वाटतं पण मी ते वाचलं तेव्हा माझ्या गल्लीचाच पंचनामा कुणीतरी लिहिलाय असं वाटलं. जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग नावाच्या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८२ साली एका मासिकात लेख लिहिला, तुटलेल्या खिडक्यांचा म्हणून तो प्रसिद्ध आहे. बिल्डिंगची एक काच फुटली आणि ती कुणी बसवली नाही तर बाकीच्या काचाही फुटतात, कारण न बसवलेली काच सगळ्यांना सांगते की इथे कुणाचं लक्ष नाही. त्यात त्यांनी १९६९ सालचा एक प्रयोग सांगितलाय. फिलिप झिंबार्डो या मानसशास्त्रज्ञाने एक बेवारस गाडी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ठेवली, तिची दहा मिनिटांत मोडतोड सुरू झाली. दुसरी कॅलिफोर्नियाच्या पालो आल्टो नावाच्या सुखवस्तू गावात ठेवली, तिला आठवडाभर कुणी हात लावला नाही. मग झिंबार्डोने स्वतःच तिच्यावर हातोडा मारला आणि थोड्याच वेळात येणारे जाणारे चांगल्या घरचे लोक त्यात सामील झाले. म्हणजे पैसेवाल्यांच्या गावात सुद्धा पहिला घाव पडायचाच अवकाश होता. आमच्याकडे ती नंबर प्लेट नसलेली रिक्षा महिनोन्महिने उभी होती.

या विचारातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट ही की माणूस बऱ्याचदा हिशोब करून गुन्हा करतो. किती मिळेल, किती सोपं आहे, पकडलं जाईन का. गरिबी, बेकारी, घरातली भांडणं ही कारणं खोटी नाहीत, पण ती संपेपर्यंत काकूंनी घरात बसून राहायचं का? पोलिसांना आणि महापालिकेला गरिबी हटवता येत नसेल, संधी हटवता येते. १९७९ साली कोहेन आणि फेल्सन या दोघांनी हे साध्या भाषेत मांडलं की गुन्ह्याला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी लागतात: करायची इच्छा असलेला माणूस, सोपं सावज, आणि राखण करणारं कुणी नसणं. तिसऱ्या खांबाखाली रात्री आठ वाजता या तिन्ही हजर होत्या. तिसरी तर सरकारी खर्चाने हजर होती.

जर्मनीचं उदाहरण तर आपल्या टू व्हीलरवाल्यांनी वाचायलाच पाहिजे. पश्चिम जर्मनीत १९८० साली हेल्मेट नसलेल्याला जागेवर दंड सुरू झाला, डोकं वाचावं म्हणून. झालं असं की मोटारसायकलींच्या चोऱ्या १९८० ला दीड लाखाच्या वर होत्या त्या १९८६ ला साधारण ५४ हजारांवर आल्या. कारण सहज दिसली म्हणून गाडी पळवणाऱ्याच्या हातात त्या क्षणी हेल्मेट नसायचं आणि बिनहेल्मेटचा तो पुढच्या चौकात पकडला जायचा. त्या चोरांची गरिबी गेली नव्हती की संस्कार बदलले नव्हते, एक अडचण मध्ये आली आणि लाखभर चोऱ्या कमी झाल्या. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी वसाहतींच्या आवारात जादा दिवे लावून बघितले, तिथे रात्री घराबाहेर होणारे गंभीर गुन्हे साधारण ३६ टक्क्यांनी कमी झाले. दिव्याने, साहेब. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला २००८ साली एका टपालपेटीतून पाच युरोची नोट दिसेल असं पाकीट अर्धवट बाहेर ठेवलं. पेटी स्वच्छ होती तेव्हा १३ टक्के लोकांनी ते उचललं, पेटीवर रंग फासलेला असताना २७ टक्क्यांनी. साधीच माणसं, आसपास कसं दिसतं एवढ्यावरून दुप्पट बेइमान झाली.

आता तुम्ही म्हणाल मग ताई तुम्हाला कडक कारवाईच पाहिजे, आम्ही तीच तर केली, धिंड काढली. नाही. इथेच माझं आणि तुमचं जमत नाही.

न्यूयॉर्कचं उदाहरण सगळे देतात, झिरो टॉलरन्स म्हणून, म्हणजे छोट्या गुन्ह्यालाही माफी नाही. तिथे १९९० ला दोन हजारांवर खून झाले होते, १९९८ ला साडेसहाशेच्याही खाली आले, हे खरं आहे. पण तिथे सुरुवात कशी झाली ते कुणी सांगत नाही. १९८४ पासून तिथल्या मेट्रोने ठरवलं की डब्यावर रंगाचे फराटे दिसले की तो डबा पुसल्याशिवाय लाईनवर सोडायचा नाही, आणि पाच वर्षं, १९८९ पर्यंत, रोज तेच केलं. मग विल्यम ब्रॅटन १९९० ला मेट्रो पोलिसांचा प्रमुख झाला तेव्हा त्याने फुकट्या प्रवाशांना पकडायला सुरुवात केली. रोज, न चुकता. पुढे तोच विचार ताणत ताणत तिथल्या पोलिसांनी रस्त्यावर कुणालाही थांबवून झडत्या घ्यायला सुरुवात केली, २०११ या एका वर्षात ६ लाख ८५ हजार वेळा, आणि दहातले जवळजवळ नऊ जण निर्दोष सुटत होते, बहुतेक काळे आणि लॅटिनो. २०१३ ला कोर्टाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. झडत्या एकदम कमी झाल्या आणि लोक म्हणत होते तसा गुन्हेगारीचा भडका काही उडाला नाही. शिवाय ज्या शहरांनी यातलं काहीच केलं नाही तिथेही त्या काळात गुन्हे घटले, त्यामुळे सगळं श्रेय कडकपणाला देता येत नाही, हे सुद्धा त्याच नोट्समध्ये लिहिलंय आणि मी ते लपवणार नाही.

अजून एक गोष्ट मला या विचारात अजिबात मान्य नाही. विल्सननेच पुढे १९८५ साली रिचर्ड हर्नस्टीन या मानसशास्त्रज्ञाबरोबर जे पुस्तक लिहिलं त्यात काही माणसं जन्मतःच गुन्ह्याकडे जास्त झुकलेली असतात असा सूर आहे. हे महाराष्ट्रात तरी कुणी बोलू नये. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमाती कायदा आणला, पुढे अख्ख्या जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, सोलापूरला तारेच्या कुंपणात ठेवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्याने पुसला, पण आजही चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर गाडी जाते. माझ्या दुकानात त्या समाजाची एक मुलगी जातीच्या दाखल्याच्या कागदांची झेरॉक्स काढायला येते, नर्सिंगला जायचंय तिला. तिच्या भावाला मंगळसूत्राच्या केसमध्ये दोन दिवस बसवून ठेवलं होतं, तो त्या दिवशी साखर कारखान्यावर तोडीला होता. म्हणून सांगते, माणसाच्या कृतीवर लक्ष ठेवा, जागेवर ठेवा, जातीवर ठेवू नका.

आता माझ्या तक्रारी.

पहिली. काकूंचं मंगळसूत्र गेलं तेव्हा मी त्यांच्या सुनेबरोबर स्टेशनला गेले. ठाणे अंमलदार म्हणाले "अर्ज लिहून द्या, बघतो". गुन्हा दाखल व्हायला अकरा दिवस आणि एका नगरसेवकाचा फोन लागला. २०१३ सालीच सुप्रीम कोर्टाने ललिता कुमारी केसमध्ये सांगितलंय की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर घेणं बंधनकारक आहे. नव्या भारतीय न्याय संहितेत तर हिसकावून नेण्याला वेगळं कलमच आहे, ३०४. माझ्या दुकानात येणाऱ्या तीन मुलांचे मोबाईल खिशातून मारले, तिघांच्याही कागदावर "गहाळ" लिहिलंय. गहाळ म्हणजे त्यांनी हरवला. हे कागद मी स्वतः झेरॉक्स केलेत म्हणून मला माहीत. चोरी झालेली चोरी म्हणून लिहायचीच नाही, मग आकडे कमी दिसतात, आकडे कमी म्हणून चौकीची गरज नाही, गरज नाही म्हणून चौकी बंद. आणि चोराचा हिशोब काय होतो? काही होत नाही.

दुसरी. बीट मार्शल, म्हणजे गाडीवरून गस्त घालणारे पोलीस, रात्री येतात हे मी नाकारत नाही. चौकीच्या भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करतात आणि जातात. गाडीवरून उतरत सुद्धा नाहीत. त्यांचा दोष नाही, एका जोडीला केवढा एरिया दिलाय ते मला एका हवालदारांनी सांगितलं, ऐकून मलाच वाईट वाटलं. पण त्या पोरांना स्कॅनची वेळ पाठ झाली होती, गाडी गेली की परत बसायची. तुटलेल्या खिडक्यांवाला केलिंग स्वतः अमेरिकेतल्या नेवार्क शहरात पायी गस्त घालणाऱ्या पोलिसांबरोबर कित्येक तास चालला होता. पायी गस्तीने गुन्ह्यांचा आकडा खाली आला नव्हता, पण लोकांची भीती कमी झाली, दार लावून घरात बसणं कमी झालं, पोलिसांबद्दलचं मत सुधारलं. आमच्या जुन्या चौकीत एक जमादार होते, रिटायर झाले, ते रोज संध्याकाळी पायी चक्कर मारायचे, टपरीवर चहा प्यायचे, पोरांना त्यांच्या बापाच्या नावाने हाक मारायचे. त्यांच्या काळात या पायरीवर कुणी बसलं नाही.

तिसरी तक्रार महापालिका आयुक्त साहेबांना. दिव्याची तक्रार न सोडवता बंद करणारा माणूस नक्की कोण आहे? मला त्याला शिक्षा नकोय, पण ॲपमध्ये खोटं "निराकरण" दाबता येतं ही तुमच्या घरातली तुटलेली काच आहे. विद्युत विभाग म्हणतो केबल फॉल्ट, रस्ता खोदायची परवानगी पथ विभागाची, पथ विभाग म्हणतो पावसाळ्यात खोदाई बंद. पावसाळा संपून केवढे महिने झाले. रिक्षा उचला म्हटलं तर अतिक्रमण विभाग म्हणतो ट्रॅफिक पोलिसांचं काम, ट्रॅफिक म्हणतो बेवारस वाहन महापालिकेचं. शेवटी ती रिक्षा त्याच फेब्रुवारीच्या रात्री पेटवली गेली, आणि मग सकाळी नऊच्या आत उचलली.

चौथी, धिंड. ही माझ्यासाठी सगळ्यात जड आहे. त्या चौघांतला एक सतरा वर्षांचा आहे. दहावीचा फॉर्म भरताना आधारची झेरॉक्स माझ्याकडून घेतली होती, पाच रुपये कमी होते, मी राहू दे म्हटलं, दुसऱ्या दिवशी आणून दिले त्याने. दहावी नापास झाला, मग टेम्पोवर जायला लागला, मग पायरीवर. त्याने माझ्या नवऱ्याच्या व्हॅनची काच फोडली असेल तर त्याला शिक्षा झालीच पाहिजे, मी स्वतः साक्ष द्यायला येईन. पण बाल न्याय कायद्यात अल्पवयीन मुलाची ओळख उघड करता येत नाही, आणि धिंड ही शिक्षा कुठल्याच कायद्यात लिहिलेली नाही. आणि उपयोग काय झाला तेही ऐका. त्याचा धिंडीचा व्हिडिओ त्याच्या मित्रांनी गाणं लावून स्टेटसला ठेवला, वर मुकुट. नववीतली पोरं माझ्या दुकानासमोर उभी राहून तो बघत होती. तुम्ही त्याला गल्लीत लहान करायला निघाला होता, त्याचा भाई झाला.

तो पहिल्यांदा पायरीवर बाटली घेऊन बसला तेव्हाच कुणी त्याला उठवलं असतं, बापाला बोलावलं असतं, पोलीस कायद्याखाली साधी कारवाई केली असती, तर? विल्सनचं म्हणणंसुद्धा हेच होतं की शिक्षा किती मोठी यापेक्षा ती नक्की होणार का आणि लवकर होणार का याने माणूस थांबतो. आपल्याकडे नऊ महिने काही नाही आणि दहाव्या महिन्यात एकदम धिंड, तडीपारी, मोक्काच्या गोष्टी. तडीपार केलेला एक जण तर रात्री आईकडे जेवायला येतो, अख्ख्या गल्लीला माहीत आहे, तपासायला कुणी येत नाही.

माझ्या मागण्या लिहिते, यातली एकही मोठ्या खर्चाची नाही.

चौकी बंद करायचा निर्णय मागे घ्या. चोवीस तास नाही जमत तर संध्याकाळी पाच ते रात्री बारा उघडी ठेवा, एक हवालदार आणि एक महिला शिपाई, आणि त्यांना बंदोबस्ताला पाठवू नका. रोज एक पायी चक्कर, गाडीवरून नाही.

तिसऱ्या खांबाचा दिवा पंधरा दिवसांत लावा, आणि वॉर्डातल्या बंद दिव्यांची यादी पोलीस आणि विद्युत विभाग यांनी दर महिन्याला एकत्र बसून तपासावी, जिथे चोऱ्या होतात ते खांब आधी. तक्रार केलेल्या माणसाने हो म्हटल्याशिवाय ॲपवर ती बंद होऊ देऊ नका.

चोरीला चोरी लिहा. "गहाळ" दाखले तपासा, गेल्या एक वर्षातले तरी.

छोट्या गुन्ह्यावर छोटी पण लगेच कारवाई करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घालणाऱ्याला आणि पाच हजारांच्या आतली पहिली चोरी करून माल परत देणाऱ्याला समाजसेवेची शिक्षा देता येते. द्या ना. जी पायरी घाण केली ती धुवायला लावा, कोर्टाच्या हुकमाने, कॅमेऱ्याशिवाय.

धिंड बंद करा. आणि त्या सतरा वर्षांच्या मुलाचा पोलिसांनी टाकलेला व्हिडिओ काढून घ्या.

आमच्या बाजूने काय, तर आम्ही बारा दुकानदारांनी ठरवलंय की शटर खाली केलं तरी बाहेरचा दिवा रात्रभर चालू ठेवायचा, बिल आमचं. चौकीत फर्निचर नसेल तर टेबल आणि दोन खुर्च्या मी देते. पंच लागला, साक्षीदार लागला तर आम्ही पाच जणांनी नावं लिहून दिलीत, मागे हटणार नाही.

सहाही अर्जांच्या प्रती, गहाळ दाखल्यांच्या झेरॉक्स, चौदा गाड्यांच्या बिलांच्या झेरॉक्स अशी एक फाईल केली आहे, दोन सेट. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता आधी पोलीस आयुक्तालयात आणि मग महापालिकेत आवक विभागात देऊन पोच घेईन. काकू पण येणार म्हणतायत, वॉकर घेऊन, तेव्हा भेटायची वेळ दिलीत तर ती तळमजल्यावर द्यावी ही विनंती.

आपली,
बस स्टॉपसमोरची झेरॉक्सवाली